परदेशी जाणाऱ्यांनो, किल्ली आपल्या हाती ठेवा

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा माझा एक चुलतभाऊ तेथे शिवणकामाच्या दुकानात कारागीर होता. पुढे दोन महिन्यांनी तो भिवंडीला परतला. बगदादमार्गे जॉर्डन, तेथे तंबूत मुक्काम, आणि मग अम्मानहून एअर इंडियाचे विमान. त्या दिवसांत सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना असेच परत आणले गेले. भाऊ घरी आला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी होती. आठ वर्षांची कमाई मागे राहिली होती. पण माझी चाची, म्हणजे त्याची आई, मोठी हुशार बाई होती. त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स, बँकेच्या खात्याचा नंबर आणि मालकाने दिलेल्या कराराची नक्कल तिने पेटीत जपून ठेवली होती. पुढे नुकसानभरपाईचे अर्ज निघाले, तेव्हा तेच कागद कामी आले.

आता दुसरी हकीकत ऐका. माझा भाचा दुबईला देरा भागात कापडाच्या दुकानात आहे. दोन वर्षांपूर्वी बसमध्ये त्याचा फोन कोणी तरी उचलला. युद्ध नाही, फौज नाही, फक्त एक खिसेकापू. रात्री दुसऱ्याच्या फोनवरून तो मला म्हणाला, "मामू, सगळं गेलं." मी म्हटले, फोनच गेला ना, दुसरा घे. पण खरोखरच सगळे गेले होते. भारतातला नंबर त्याने वर्षभर रिचार्ज केला नव्हता, म्हणून तो बंद झाला होता. ई-मेल उघडायला गेला तर कोड त्याच बंद नंबरावर जात होता. करारपत्र, व्हिसाची नक्कल, बँकेचे सारे कागद त्या ई-मेलमध्ये अडकले. नेमके त्याच आठवड्यात इकडे माझ्या मेव्हण्यांना दवाखान्यात दाखल करावे लागले. मुलाच्या भारतातील खात्यात पैसे पडून होते आणि अनामत भरण्यासाठी मी बाजारात हात पसरत होतो. त्या खात्याचा नंबरसुद्धा घरात कोणाला ठाऊक नव्हता.

बंधूंनो, १९९० मध्ये माणसाला एका रात्रीत कंगाल करायला एक आख्खी फौज लागली. आज एक हातचलाख पोरगा पुरतो. कारण आज आपली पेटी, तिजोरी, खातेवही आणि पत्ता हे सर्व आपण एका फोनमध्ये भरून ठेवले आहे आणि त्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, याचा विचार केलेला नाही. आपल्या भिवंडी, मालेगाव, मुंब्रा आणि कोकणपट्टीतून रोज कोणी ना कोणी आखातात जातो. लोणचे, पापड, सुकी मासळी यांची बांधाबांध महिनाभर चालते. कागद आणि फोन यांच्या बांधणीला मात्र कोणी एक दुपारही देत नाही. माझा आजचा लेख त्या एका दुपारीसाठी आहे.

नाव एक, स्पेलिंग चार

सुरुवात नावापासून करावी लागते. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. हजेरीपटावर नाव उर्दूत. दाखला लिहिताना कारकुनाने ते आपल्या कानाला लागले तसे इंग्रजीत उतरवले. रेशनकार्डावर दुसऱ्याने, आधारवर तिसऱ्याने. 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे एम ओ एच डी एवढेच. 'शेख' कुठे पुढे, कुठे मागे. गावात याने काही अडत नाही, कारण गाव आपल्याला तोंडाने ओळखते. परदेशात आपल्याला फक्त अक्षरांनी ओळखतात. एका व्यवहारात बँकेच्या पतपत्रावरील माझे नाव आणि बिलावरील माझे नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला. समोरच्या बँकेने दोष काढून पैसे कापले आणि रक्कम तीन आठवडे अडकली ती वेगळीच.

कारागीर बंधूंच्या पासपोर्टमध्ये याहून मोठी अडचण असते. अनेकांच्या पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असते, आडनावाची जागा कोरी. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून अशा एकाच नावाच्या पासपोर्टवर भेटीचा व्हिसा देण्यावर बंधन आणले. पुढे दुसऱ्या पानावर वडिलांचे नाव असेल तर चालेल असा खुलासा झाला. पण त्या दिवसांत विमानतळावरून परत आलेली माणसे होतीच. म्हणून पासपोर्ट काढतानाच आडनावाचा रकाना भरावा. पासपोर्टवरील स्पेलिंग हेच खरे मानून आधार, पॅन, बँक आणि विमानाचे तिकीट त्याच अक्षरांत करून घ्यावे. फरक जास्त असेल तर राज्याच्या राजपत्रात नाव प्रसिद्ध करण्याचा रस्ता आहे. मुलांच्या बाबतीत तर शाळेच्या दाखल्याच्या दिवशीच बापाने समोर उभे राहून अक्षर न् अक्षर तपासावे.

पासपोर्टविषयी आणखी एक. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो. अशा माणसाला आखातासह अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते. ही परवानगी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून मिळते आणि एजंटाला परवाना आहे की नाही, हेही तेथेच दिसते. परवानाधारक एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून जास्त फी घेता येत नाही. जो लाख-दीड लाख मागतो आणि "आधी भेटीच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर पक्का करू" म्हणतो, त्याच्या दुकानातून सरळ उठून यावे. परवानगी घेऊन जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाख रुपयांचे अपघाती संरक्षण मिळते. चोरवाटेने जाणाऱ्याला ते मिळत नाही.

जुना नंबर मरू देऊ नका

आता फोनकडे येऊ. परदेशी पोहोचल्यावर माणूस तिथले सिम घेतो आणि भारताचे सिम पाकिटात टाकून विसरतो. "उगाच रिचार्जचे पैसे कशाला?" हाच हिशेब माझ्या भाच्याने केला होता. पण नव्वद दिवस नंबर वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. प्रीपेड खात्यात वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी तीस दिवस मिळतात. नंबर बंद झाल्यावर काही महिन्यांनी तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. म्हणजे तुमच्या बँकेचा कोड आणि तुमच्या व्हॉट्सअॅपचा दरवाजा एका अनोळखी माणसाच्या खिशात जातो.

आधारला तर परदेशी नंबर जोडताच येत नाही. आधारचा कोड हवा, डिजिलॉकर हवे, आयकराचे काम हवे, तर भारतातला नंबर जिवंत हवाच. म्हणून जाण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यावे. बहुतेक कंपन्यांत परदेशात आलेल्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. फक्त त्या सिमवरचे इंटरनेट बंद ठेवावे, नाही तर बिल पाहून घाम फुटेल. रिचार्जची तारीख घरच्या माणसाला कॅलेंडरवर लिहून द्यावी. वर्षाचा खर्च एका पँटपीसइतका येतो.

दुसरे काम ई-मेलचे. गुगलच्या खात्याच्या सुरक्षा विभागात दहा कोडांची एक यादी मिळते. फोन नसला, सिम नसले तरी त्यातला एक कोड टाकून आपण आपले आहोत हे सिद्ध करता येते. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ही यादी कागदावर उतरवून एक प्रत घरी पेटीत आणि एक आपल्या बॅगेत, फोनपासून वेगळी ठेवावी. व्हॉट्सअॅपमध्ये सहा आकड्यांचा स्वतःचा पिन लावण्याची सोय आहे, तो लावावा. पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र यांची चित्रे ई-मेलमध्ये ठेवावीत आणि झेरॉक्सही ठेवावी. काही लोक म्हणतात, आता झेरॉक्सचा जमाना गेला. माझ्या चाचीच्या पेटीने जे केले ते अजून कोणत्या मशीनला जमले असे मला दिसले नाही.

व्यापारी बंधूंसाठी एक छोटी गोष्ट. आपल्या बाजारात उर्दू बिले इनपेजमध्ये आणि मराठी पत्रे जुन्या डीटीपी फाँटमध्ये करण्याची सवय आहे. अशी फाइल परदेशी गिऱ्हाइकाकडे उघडली की नुसत्या खुणा दिसतात. कागद युनिकोडमध्ये टंकावा आणि पाठवताना पीडीएफ करून पाठवावा.

तिकडचे कायदे, तिकडची वीज

दुबईत पोहोचलेला माणूस पहिल्या रात्री घरी व्हॉट्सअॅपवर फोन लावतो आणि लागत नाही म्हणून घाबरतो. अमिरातीत व्हॉट्सअॅपचे संदेश चालतात, पण बोलण्यावर बंधन आहे. तेथे बोटिमसारखी मान्यता असलेली साधने वापरतात. जाण्यापूर्वीच घरच्यांच्या फोनमध्ये ते बसवून द्यावे. खोलीतला मित्र सांगेल, व्हीपीएन टाक, सगळे चालते. त्याचे ऐकू नये. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात खरा पत्ता लपवून गुन्हा करण्याला ५ लाख ते २० लाख दिरहम दंड सांगितला आहे. बायकोशी फुकट बोलण्यासाठी एवढी जोखीम कोणता व्यापारी घेईल? तेथे परवानगीवाचून दुसऱ्याचा फोटो काढणे आणि व्हॉट्सअॅपवर शिवी देणे हाही गुन्हा ठरतो. आपल्याकडे नाक्यावर जे खपते ते तिथे कोर्टात नेते.

चीनमध्ये ककियाओच्या कापड बाजारात किंवा यीवूला माल पाहायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की तिथल्या इंटरनेटवर व्हॉट्सअॅप आणि गुगल दोन्ही बंद असतात. व्यापाऱ्याशी बोलणे वीचॅटवर होते. ते येथूनच चालू करून जावे.

सामानाचेही नियम आहेत. पॉवर बँक कधीही मोठ्या बॅगेत टाकू नये, ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते आणि सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. एमिरेट्सच्या विमानात १ ऑक्टोबर २०२५ पासून ती वापरण्यावरही बंदी आहे. खसखस आपल्या स्वयंपाकघरातली साधी वस्तू, पण अमिरातीत ती अमली पदार्थांत धरतात. आईने प्रेमाने दिलेल्या मसाल्याच्या पुडीत खसखस नाही ना, हे विचारून घ्यावे. खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही गोळ्या-औषधांनाही तेथे बंदी किंवा परवानगीची अट आहे. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेले औषध डॉक्टरच्या चिठ्ठीसह आणि चौकशी करूनच न्यावे. शेजाऱ्याने "माझ्या भावाला एवढे द्या" म्हणून दिलेले बंद पाकीट तर हातातही घेऊ नये. यात संकोच करणारे जेलमध्ये बसले आहेत.

शिंपी आणि मेकॅनिक बंधूंसाठी विजेची गोष्ट. अमिराती आणि सौदीत तीन चपट्या चौकोनी पिनांचा प्लग लागतो. सौदीत विजेची गती ६० हर्ट्झ आहे, आपल्याकडे ५०. मोबाइलच्या चार्जरला फरक पडत नाही. पण शिलाई मशीनची जुनी क्लच मोटर येथून नेली तर ती तेथे साधारण पाचव्या हिश्श्याने जास्त वेगाने फिरते. सुई मोडते आणि कारागिराला वाटते आपला हात बिघडला. जुन्या इमारतींत तर १२७ व्होल्टही असतात. मशीन लावण्याआधी पाटी वाचावी.

पैशाचे दरवाजे

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाचे साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ करून घ्यावे लागते. तिकडची कमाई पाठवण्यासाठी एनआरई खाते उघडावे. त्यावरील व्याजाला भारतात आयकर नाही आणि पैसा पुन्हा बाहेर नेता येतो. एनआरओच्या व्याजावर मात्र कर कापला जातो. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतल्या नंबरांवर एनआरई आणि एनआरओ खात्यांना यूपीआयची मुभा देण्याचे ठरले. त्यांत अमिराती, सौदी, कतार आणि ओमान आहेत. पोहोचल्यावर तिथला नंबर बँकेत नोंदवला असता, तर माझ्या भाच्यावर ती वेळ आली नसती.

वारही पाहावे लागतात. अमिरातीत १ जानेवारी २०२२ पासून सरकारी सुटी शनिवार-रविवारी आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस. सौदीत २०१३ पासून शुक्रवार-शनिवार. म्हणजे सौदीच्या गिऱ्हाइकाकडून पैसे यायचे असतील तर दोन्हीकडच्या बँका सोमवार ते गुरुवारच एकत्र उघड्या. शुक्रवारी दुपारी "आज पाठवतो" असा शब्द घेऊन इकडे चेक फाडणाऱ्याने हा हिशेब करावा.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. लपवून उपयोग नाही. काही वर्षांपूर्वी मी परदेशातून अस्तराचा माल मागवला होता. भाव ठरला, बिल आले. दोन दिवसांनी त्याच व्यापाऱ्याच्या नावाने दुसरा ई-मेल आला की आमचे खाते बदलले आहे, आगाऊ रक्कम नव्या खात्यात भरा. मी भरली. आठवड्याने खऱ्या व्यापाऱ्याचा फोन आला, पैसे कुठे आहेत? पत्ता पुन्हा पाहिला तेव्हा एक अक्षर वेगळे होते. तीस वर्षे मी कापडाचा पोत बोटांनी ओळखतो आहे, पण ते एक अक्षर मला दिसले नाही. तेव्हापासून नियम केला आहे. खाते बदलल्याचा निरोप आला की जुन्या, माहीत असलेल्या नंबरावर फोन करायचा, त्या माणसाचा आवाज ऐकायचा आणि मगच पैसे. फसलात तर लाजेपायी दोन दिवस गप्प बसू नका. तत्काळ बँकेला आणि १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा. पहिल्या काही तासांतच पैसा अडवता येतो.

संगणकाच्या नावाखाली माणसांचीही फसवणूक चालते, हे तरुणांनी ऐकावे. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची किंवा डिजिटल मार्केटिंगची मोठ्या पगाराची नोकरी म्हणून बोलावतात आणि सरहद्द ओलांडून म्यानमारमध्ये डांबतात. तेथे मुलांना लोकांना ऑनलाइन फसवण्याच्या कामाला जुंपले जाते. भारत सरकारने २०२२ मध्येच याबाबत इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी तेथून सोडवून आणले. मुलाला टाइपिंग येते म्हणून कोणी घरबसल्या फोनवर मुलाखत घेऊन तिकीट पाठवत असेल, तर ती नोकरी नव्हे.

विश्वास आणि किल्ली

इथवर वाचून काही बुजुर्ग म्हणतील, "ही पोरांची कामे. आमचा भतीजा सगळे पाहतो." मला नेमके यावरच बोलायचे आहे. आपला बाजार जबानीवर चालतो. लाखांचा माल चिठ्ठीवर जातो आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच सवयीने आपण आपला पासवर्ड एजंटाला, कोड सायबर कॅफेवाल्याला आणि फोन भतीजाला देऊन टाकतो. व्हिसाच्या अर्जात ई-मेल एजंटाचा, मोबाइल एजंटाचा. मग काही बिघडले की अर्ज आपला आणि चावी त्याची.

बाजारातला विश्वास समोरच्या माणसाच्या ओळखीवर उभा असतो. त्याचा बाप आपल्याला माहीत असतो, दुकान माहीत असते. फोनमध्ये चेहरा नसतो. ज्याच्याकडे कोड, तोच मालक. सख्खा भाऊ भागीदार असला तरी गल्ल्याची किल्ली रात्री कोणाकडे राहते हे आपण ठरवतोच ना? त्याने भावावरचा विश्वास कमी होत नाही. कोड न सांगणे हा अविश्वास नाही, ती दुकानाची रीत आहे.

आणि हे आपल्याला जमणार नाही हे तर मला मान्यच नाही. जो माणूस ताण्याचे हजारो धागे फणीतून ओवतो आणि तुटलेला एक धागा नजरेने पकडतो, त्याला दहा कोड सांभाळता येत नाहीत? मी स्वतः चाळिशीनंतर संगणकावर बसलो. मुलाच्या वयाच्या शिक्षकासमोर बसताना लाज वाटायची. ती लाज मला अस्तराच्या त्या व्यवहारापेक्षा खूप स्वस्त पडली असती, जर मी आणखी थोडे शिकलो असतो. आज उमऱ्याला गेलेल्यालासुद्धा मदिनेत रौजाच्या जियारतीसाठी नुसुक अॅपवर वेळ घ्यावी लागते. मग तेथे गर्दीत फोन पुढे करून "बेटा, जरा करून दे" म्हणत फिरावे लागते.

माझी सूचना साधी आहे. आपल्या जमाती, मोहल्ला कमिट्या आणि व्यापारी संघटना लग्ने आणि जलसे उत्तम पार पाडतात. त्यांनी महिन्यातून एक दुपार परदेशी जाणाऱ्यांसाठी ठेवावी. एक संगणक, एक झेरॉक्स मशीन आणि दोन शिकलेली मुले एवढेच लागते. जागा हवी असेल तर माझे दुकान रविवारी बंद असते, गाद्या झटकून देईन. जाणाऱ्याबरोबर घरच्या बाईलाही बसवावे. खाते कुठे आहे, विमा कोणता, करारात पगार किती, हे तिला ठाऊक असलेच पाहिजे. माझ्या चाचीला लिहिता-वाचता येत नव्हते. पण कोणता कागद कामाचा आहे हे तिला माहीत होते, कारण निघण्याच्या आदल्या रात्री मुलाने तिच्याजवळ बसून एकेक कागद दाखवला होता.

माझ्या भाच्याला मेव्हण्यांची उधारी फेडायला सात महिने लागले. अल्लाहच्या कृपेने मेव्हणे बरे आहेत. भाचा मागच्या सुटीत आला तेव्हा त्याने सर्वप्रथम एका कागदावर दहा कोड लिहिले आणि आपल्या आईच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली ठेवले. तुमच्या घरातून पुढच्या महिन्यात कोणी निघणार असेल, तर लोणच्याची बरणी बांधण्याआधी एवढे काम उरकून घ्या.